आत कोण आहे?

स्वयंपाकघरात सांडशी पडली.

तोपर्यंत हॉलमध्ये चिडीचूप होतं. गुंजाळ मॅडम माझा अर्ज वाचत होत्या आणि मी त्यांच्या चष्म्याच्या दोरीकडे बघत बसले होते. सांडशी फरशीवर आपटली, दोनदा उडाली आणि थांबली. मॅडमनी पडद्याकडे बघितलं.

"आत कोण आहे?"

"मावशी," मी म्हणाले.

याला आता सात वर्षं होतील. आमच्या मुलीचा, जुईचा, पोहण्याचा क्लास पाऊण तास चालतो. तेवढ्या वेळात तलावाच्या पायऱ्यांवर बसून मी हे लिहितेय. घरी लिहिता येत नाही. घरी मित्रा असते.

मित्रा म्हणजे संघमित्रा. आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवते. मॅडम आल्या तेव्हा आम्हाला एकत्र राहायला लागून पाच वर्षं झाली होती. मैत्रिणी म्हणून नाही, जोडीने. तिच्या आईला ते माहीत होतं. माझ्या घरी माहीत होतं, पण तिकडे त्यावर कुणी बोलत नव्हतं. मूल हवं हे आधी कोण बोललं ते आता आठवत नाही, बहुतेक तीच. दत्तक घ्यायचं ठरल्यावर कळलं, की दोन बायकांना जोडपं म्हणून अर्ज करता येत नाही, एकट्या बाईला येतो. फ्लॅट माझ्या नावावर होता, म्हणून अर्ज माझ्या नावाने झाला. केतकी, वय सत्तावीस, अविवाहित, विमा कंपनीत नोकरी. त्या अर्जात मित्रा कुठेच नव्हती.

पण दत्तक संस्थेकडून घर बघायला येणारी बाई घरात कोण कोण राहतं हे विचारणारच. त्याचं उत्तर आम्ही ठरवून ठेवलं होतं. मित्रा चहा घेऊन बाहेर येईल, नमस्कार करेल आणि म्हणेल, "मी संघमित्रा. केतकीची मैत्रीण. इथेच राहते." एवढंच. यातलं काहीच खोटं नव्हतं. त्यासाठी तिने निळा कुर्ता इस्त्री करून स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवून ठेवला होता. आदल्या दोन दिवसांत तिने घरातली खालची सगळी विजेची बटणं भिंत फोडून वर घेतली होती, मुलाचा हात पोचू नये म्हणून. त्याची धूळ निघता निघत नव्हती. सकाळपासून ती ओढणी कंबरेला खोचून ओटा, डबे, जाळ्या पुसत होती. अकराची वेळ होती. मॅडम सव्वादहाला आल्या.

"जरा लवकर आले हं. रिक्षा पटकन मिळाली. पाणी देता? तीन जिने चढले ना."

निळा कुर्ता दारामागेच राहिला.

आता त्या शब्दाचं सांगायला हवं. बाळाने मला आई म्हणायचं आणि मित्राला काय, यावर आमचे दोन महिने गेले होते. मीच सुचवलं, मावशी. मावशी म्हणजे दुसरी आईच, असं मी तिला पटवत होते. तिला तो शब्द नको होता. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "बरं, मावशी तर मावशी. बाळाच्या तोंडून गोड लागेल." त्यानंतर आमचा खेळच झाला. मी उशी तिच्याकडे फेकायचे, "जा, मावशीकडे जा." ती ऑफिसात फोन करायची, "मावशी बोलतेय, भाजी कुठली आणू?" दोन महिने घरात दुसरा शब्दच नव्हता. त्यामुळे आत कोण आहे असं विचारल्यावर माझ्या तोंडून तोच निघाला. पाठ झालेला होता.

"हां, कामाच्या मावशी," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण वेळ आहेत?"

त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. खांदे सैल पडले. एकटी मुलगी, नोकरीवाली, मूल कुणाच्या जिवावर सोडणार, ही शंका त्या जिन्यावरूनच घेऊन आल्या असाव्यात. ती त्या क्षणी मिटलेली मला दिसली. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की नाही, कामाच्या नाहीत, माझी मैत्रीण आहे, थांबा, बोलावते.

"हो," मी म्हणाले. "पूर्ण वेळ."

मावशी हा शब्द चुकून आला होता. 'हो' चुकून आलं नव्हतं.

"हे बरं झालं," मॅडमनी लिहायला घेतलं. "मी दर वेळी सांगते मुलींना, घरात पूर्ण वेळ माणूस ठेवा. पाळणाघरावर आधी अवलंबून राहू नका." लिहिता लिहिता त्यांची नजर भिंतीवर गेली. "बटणं वर घेतलीत? अरे वा. एवढा विचार कुणी करत नाही हो."

"करून घेतली."

"कोणाकडून?"

"आहे एक ओळखीचा वायरमन."

पडद्यामागे पाण्याचा नळ चालू होता. तो बंद झाला.

मित्रा बाहेर आली ती पुसण्याचं फडकं खांद्यावर तसंच ठेवून. ट्रेमध्ये दोन कप होते. सकाळी तिने स्वतः तीन कप काढून ओट्यावर ठेवलेले मी बघितले होते. केसांत भिंतीचा चुना होता, कानशिलांजवळ पांढरं झालेलं. तिने आधी मॅडमपुढे ट्रे धरला, मग माझ्यापुढे.

"ताई, साखर कमी घातलीय तुमच्यात."

ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मला केतकी म्हणते, रागावली की कार्टे म्हणते. ताई मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी कप उचलला. 

"अहो, तुम्ही तर तरुण आहात!" मॅडम म्हणाल्या. "ह्या 'मावशी' म्हणाल्या म्हणून मला वाटलं वयस्कर कोणी असेल. बसा ना, दोन मिनिटं बोलू आपण. घरातल्या माणसाशी मी नेहमी बोलते."

सोफ्यावर जागा होती. खुर्ची रिकामी होती. मित्रा खाली बसली. भिंतीला पाठ, एक गुडघा उभा, त्यावर मनगट. मी ती बसण्याची पद्धत ओळखली आणि नजर चहात घातली.

"नाव काय तुमचं?"

"कमल."

 मॅडमनी नाव लिहिलं.

"किती वर्षं आहात इथे?"

"पाच झाली."

"राहायला इथेच?"

"हो. ताईंना एकटं झोपायची भीती वाटते."

मॅडम हसल्या. मीही हसले. हे खरं होतं.

"आता खरं सांगा हं कमल मावशी. ताई कशा आहेत? त्या समोर आहेत म्हणून घाबरू नका. हवं तर त्यांना आत पाठवते."

"घाबरायचं काय त्यात? सांगते की." मित्राने फडक्याची घडी घातली. "चिडक्या आहेत. भूक लागली की विचारूच नका. वस्तू जागेवर ठेवत नाहीत, मग घरभर शोधतात, आणि सापडली की माझ्यावरच ओरडतात, इथे कुणी ठेवली म्हणून."

"अगदी माझी मोठी मुलगी!" मॅडमना हसू आवरेना. "आणि मूल सांभाळतील का हो? तुम्हाला काय वाटतं?"

मित्राने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"मला टायफॉइड झाला होता. तीन वर्षांपूर्वी. उठून बसवत नव्हतं. माझे केस लांब आहेत, गुंता झाला होता नुसता. शेजारच्या बाई म्हणाल्या, कापून टाका. ह्यांनी नाही कापू दिले. एकवीस दिवस रोज कामावरून आल्या आणि तासभर बसून विंचरले. एक बट घ्यायची, खालून सोडवत यायचं. दुखलं नाही मला कधी." तिने घडी मोडली, पुन्हा घातली. "कोण करतं मॅडम कामवालीचं एवढं?"

मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"नाही करत कोणी," त्या म्हणाल्या. "नाही करत." आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग, "बाळ आलं की तुमचं काम वाढेल. सोडून जाणार नाही ना? बाळाला लळा लागतो हो, मग फार हाल होतात."

"मी कुठे जातेय?" मित्रा म्हणाली.

जाताना मॅडम दारात चपला घालत मला हळू आवाजात म्हणाल्या, "काळजी करू नका, रिपोर्ट छानच जाईल. आणि बाई चांगली मिळालीय, जपा तिला. स्वच्छसुद्धा आहे हो. नाहीतर…" पुढचं त्यांनी हाताने सांगितलं.

आमच्या स्वयंपाकघराचा पडदा सुती आहे. त्यातून सगळं ऐकू येतं. मी म्हणाले, "हो ना. सावकाश जा, जिन्यात अंधार आहे."

मी आत आले. मित्रा दोन कप विसळत होती. तिसरा ओट्यावर पालथा होता.

"रविवारच्या सुट्टीचं बोलायचं राहिलं," ती म्हणाली.

मला वाटलं ती हे हसण्यावारी नेतेय. जिवात जीव आला आणि मी हसले. ती वळली नाही तेव्हा थांबले.

"मित्रा, तोंडातून निघून गेलं गं. रोज म्हणतो आपण म्हणून. मी मॅडमना आत्ता फोन करते. सांगते."

"काय सांगशील?"

"की तू कामाला नाहीस."

"मग कोण आहे?"

 मैत्रीण म्हटलं तर मघाशी का नाही म्हटलं, हे आलं. तिने नाव खोटं सांगितलं, तेही आलं. आणि खरं सांगितलं तर मूलच आलं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात फिरलं ते खरं. पण सगळ्यात आधी काय आलं तेही लिहिते, कारण ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. आधी आलं ते हे, की रिपोर्ट छान जाणार आहे.

मित्राने ओल्या हाताने ओट्यावरचा माझा फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"कर ना. हा घे."

फोनवरून पाणी खाली टपकत होतं. मी हात पुढे केला नाही. तिने पाच-सहा सेकंद वाट पाहिली असेल, मग फोन ओढणीला पुसून नीट जागेवर ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "मलाही मूल हवंय. तुझ्याइतकंच."

"कमल का सांगितलंस?"

"माझं नाव तिला देणार नव्हते मी."

"पण आईंचं…"

कमल हे तिच्या आईचं नाव. वर्षभरापूर्वी त्या गेल्या होत्या. आमच्याकडे यायच्या तेव्हा खुर्चीवर बसायच्या नाहीत. भिंतीला पाठ, एक गुडघा उभा. मी आग्रह केला की म्हणायच्या, "इथं बरं वाटतंय पोरी, पाय मोकळे होतात."

"तुला माहितीये ना ती काय करायची?" मित्राने नळ बंद केला.

"घरकाम करायच्या."

"चार घरची धुणीभांडी. एकाच सोसायटीत एकवीस वर्षं. तिथे तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. लहान पोरं मावशी म्हणायची, त्यांच्या आया मावशी म्हणायच्या, ऐंशी वर्षांचा म्हातारा मावशी म्हणायचा. मी तिच्याबरोबर जायचे तेव्हा मला वाटायचं, ही माझी आई आणि या सगळ्यांची मावशी कशी? पहिला पगार झाला त्या दिवशी तिला म्हटलं, उद्यापासून एकाही दारात जायचं नाही. नाही गेली परत." ती हात पुसत होती, कोरडे झाले तरी पुसत होती. "म्हणून नको म्हणत होते तो शब्द. मग म्हटलं, बाळाच्या तोंडून वेगळा लागेल."

मी तिच्या जवळ गेले. तिने मला जवळ येऊ दिलं, तेच मला जास्त लागलं.

"जाऊ दे," ती माझ्या खांद्यावरून म्हणाली. "आईने आणखी एक घर धरलं समज. माझ्यासाठी चार धरली होती, नातवंडासाठी पाचवं. तिने खुशीने धरलं असतं." मग बाजूला झाली. "फक्त तो शब्द आता नको. बाळाने मला काहीही म्हणू दे. नावाने हाक मारू दे. तो नको."

दीड वर्षाने जुई आली. दहा महिन्यांची होती. तिला आणायला संस्थेत आम्ही दोघी गेलो, मी आई होऊन आणि मित्रा कमल होऊन. तिथल्या ताई म्हणाल्या, "मावशींना आणलंत ते बरं केलंत. तुम्ही इथे सह्या करा, बाळ मावशींकडे देते." म्हणून जुईला पहिल्यांदा मित्राने घेतलं. मी अकरा सह्या केल्या. शेवटची करून वर बघितलं तर जुईने मित्राच्या वेणीचं टोक तोंडात धरलेलं होतं आणि मित्रा हलत नव्हती, श्वाससुद्धा जपून घेत होती.

पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी गुंजाळ मॅडम यायच्या, बाळ कसं आहे ते बघायला. चार वेळा आल्या. चारही वेळा आदल्या दिवशी मी आमचे फोटो भिंतीवरून काढून पलंगाखाली ठेवले. त्याखाली उजळ चौकोन उरायचे, त्यावर कॅलेंडर टांगायचे. मित्रा ओढणी कंबरेला खोचायची. चौथ्या वेळी जुई तीन वर्षांची व्हायला आली होती, मॅडमच्या मांडीवरून उतरून "मित्रा, मित्रा" करत धावत तिच्या पायांना बिलगली.

"काय म्हणते ही?" मॅडमनी विचारलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"मित्र म्हणते मला," मित्राने तिला उचलून घेतलं. "तिची मैत्रीण झालेय ना मी."

"बघा!" मॅडम मला म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना, लळा लागेल."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोटो भिंतीवर गेले ते कायमचे. मला वाटलं, संपलं.

गेल्या रविवारी जुईच्या पासपोर्टसाठी कागद हवे होते म्हणून मी कपाटातली फाइल काढली. मित्रा खिडकीपाशी जुईच्या गणवेशाला इस्त्री करत होती. जुई आता पहिलीत आहे. तिला नुकतंच वाचता यायला लागलंय, त्यामुळे दिसेल ते वाचते, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दुधाची पिशवी. तिला दत्तक म्हणजे काय ते माहीत आहे. आपण संस्थेतून आलो ही तिच्या आवडीची गोष्ट आहे, वेणीचं टोक तर तिला रोज ऐकायला लागतं. मी आधारकार्ड शोधत होते तेवढ्यात तिने फाइलमधले टाइप केलेले कागद ओढून मांडीवर घेतले.

"हे माझं आहे? इथे आपला पत्ता आहे."

"हो, तू येणार होतीस ना, तेव्हा एक बाई आपलं घर बघायला आल्या होत्या. त्यांनी लिहिलंय. दे इकडे, फाटेल."

"थांब ना, मी वाचते." ती बोट ठेवून वाचू लागली. "घर स्व-च्छ व ह-वे-शीर आहे. खि-डक्यांना जा-ळ्या आहेत. वि-जेची बटणे मुलाचा हात पो-ह-चणार नाही अशी वर घेतली आहेत." तिने भिंतीकडे बघितलं. "ही तर मित्राने केली ना!"

"हो."

"घ-रात पूर्ण वेळ काम क-र-णा-ऱ्या म-हि-ला आहेत. नाव कमल." तिने मान वर केली. "कमल तर आजीचं नाव आहे. मित्राच्या आईचं. आजी आपल्याकडे काम करायची?"

"नाही, नाही," मी म्हणाले. "आजी नाही. एकसारखी नावं असतात गं खूप जणांची."

इस्त्री थांबली होती. मला कापड तापल्याचा वास आला. मित्राने इस्त्री उचलून उभी केली.

जुईने बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं. मग हळूहळू खाली आणलं, पान उलटलं, त्याची मागची बाजूही बघितली. ती काहीतरी शोधत होती. मी तिच्या हातून कागद काढून घ्यायला हवे होते.

"आई, यात तू आहेस. खिडक्या आहेत, बटणं आहेत, त्या कमल पण आहेत." तिने कागद माझ्यापुढे धरला. "मित्रा कुठेच नाहीये. तेव्हा मित्रा कुठे होती?"